अधिक सात

तुस्कानो वसईला कायमचा परतला
तेव्हा ही लेन्स मला विकून गेला, दोन हप्त्यांत.
सहाशे मिलिमीटर. वजन तान्ह्या पोराएवढं,
मी उचलतोही तशीच, मानेखाली हात देऊन.
जरा हट्टी आहे, एवढंच म्हणाला.
विकणारा माणूस एवढंच सांगतो.

उम्म अल क्वैनची खाडी, ओहोटी लागलेली.
होड्यांना वाट दाखवणाऱ्या खांबावर कैकर,
पंजात अर्धा मासा, अजून हलणारा.
मी बटण अर्धं दाबलं.
लेन्स निघाली ती थेट क्षितिजापर्यंत गेली,
तिथे कुणी नाही म्हणून परतली,
माझ्या बुटांपाशी आली,
पुन्हा गेली.
घुर्र. घुर्र.
तोवर कैकराने मासा संपवून चोच पुसली.

समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात
मी गेजं तपासतो, अकरा वर्षं.
काटा खोटं बोलला तर त्याला ठोकायचं नसतं,
शून्यावर आणायचं आणि म्हणायचं, हं, आता बोल.
हिच्याशीही तसाच वागलो.
काँटॅक्टचे सोनेरी ठिपके खोडरबराने घासले,
पुढची स्वस्त काच काढली,
ट्रायपॉडवर असताना थरथर आवरायची कळ बंद,
फोकसचे सगळे चौकोन विझवून मधला एकच ठेवला.
बाजूची कळ ‘दहा मीटर ते अनंत’वर नेली.
अनंत म्हणजे आडवा पडलेला आठ.
टक्कन सरकतो.

फरक पडला. पुरता नाही.

रात्री खोलीत तपासायला गेलो तर खोलीच अपुरी.
कळ परत मागे घेतली, तरी हिला पावणेतीन मीटर लागतात,
आणि आमच्यात चार खाटा.
म्हणून मी दाराबाहेर, चपलांच्या ढिगात गुडघे टेकून,
आत मुनाफ परकार, दाभोळचा,
बॅगेवर दिनदर्शिका तिरकी धरून.
नेम सतरावर धरला.
धारदार आली तिच्याखालची अठरा.
पुन्हा घेतला, पुन्हा अठरा.
मुनाफ म्हणाला, तुझी लेन्स उद्याचं बघते रे!

मी फोटो मोठा करत नेला.
अठराच्या चौकोनात, तिथीच्या खाली,
बॉलपेनने, मुंगीएवढ्या अक्षरात:
राजीनामा?
ते प्रश्नचिन्ह मुनाफचंच. खालचा टिंब तो गोल काढतो.

काय रे, सापडलं का? त्याने विचारलं.
थोडी अलीकडे बघते, मी म्हणालो.
कॅमेऱ्यात भरलं: अधिक सात.
आता सतरा लख्ख. अठरा पुसट,
असायला हवी तशी.

सतराला शुक्रवार होता.
या खेपेला अंधारातच निघालो, मुनाफही आला.
खाडीच्या कडेला तिवरं.
इथेही तिवरंच, तो म्हणाला, आणि पँट दुमडून
चिखलात असा उतरला जसा स्वतःच्या परड्यात.
सहा वाजता कैकर आला.
पिसाच्या काडी काडीसकट आला,
डोळ्याच्या पिवळ्यात खांबाचं टोकसुद्धा.
लेन्सने हूं की चूं केलं नाही.

नऊला मिठाची जमीन तापली.
खांब उकळू लागला, कैकर कापडावर काढल्यासारखा हलू लागला,
आणि लेन्स पुन्हा शोधत सुटली.
हा तिचा दोष नव्हता.
काचेत काही बिघडलं तर मला कळतं.
मधल्या तीनशे मीटर हवेचं काय करायचं
हे कुठल्या तक्त्यात नाही.
लवकर यावं, जवळ जावं, बस.

पाण्यातून मुनाफ परत निघाला,
पाय काळे, हातात चपला, चेहऱ्यावर काहीतरी
बोलायचं ठरवलेलं.
लांबून तो स्पष्ट होता. वीस मीटर. पंधरा.
मी बटण दाबूनच होतो.
दहाच्या आत आला
आणि लेन्स त्याला ओलांडून निघून गेली, क्षितिजाकडे.
कळ सरकवायची राहिली होती.